बाईंची गाडी आणि आठ कट्टे हळद

वसमतच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या पुतण्याने फसवलं, आणि फसवायला माझे पाटे वापरले. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्याकडे माणसं आधी चहा पितात, मग पीकपाण्याचं बोलतात, आणि चोराचा विषय निघायच्या आत उठायची वेळ होते. नाव मी कुणाचंच घालणार नाही. ज्याचं आहे त्याला कळेल.

पाटे म्हणजे गाडीच्या पोटाखाली असलेली पोलादी पट्ट्यांची चळत. गाडीचं सगळं ओझं तिच्यावर झुलतं. हिंगोलीच्या बाहेर कळमनुरी रोडला माझं पाट्यांचं दुकान आहे. ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, उसाच्या गाड्या, सगळे माझ्याकडे येतात. मी तांड्यावरचा, सातवी शिकलेला. सोळाव्या वर्षी नांदेडला एका दुकानात घण मारायला लागलो, त्याआधी दोन वर्षं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहिली. आज भट्टी माझी आहे, जागा माझी आहे. भाव करण्यात मला भंगारवाला हरवत नाही, व्यापारीही नाही. रागाचं मात्र मला काही करता आलेलं नाही. बायको म्हणते, भट्टीचा पंखा बंद होतो, तुमचा होत नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझी दोन्ही लेकरं काढली. धाकटा पायाकडून होता. त्या वयाने आता ऐंशीच्या घरात आहेत. दवाखाना बंद करूनही बरीच वर्षं झाली, पण आठवड्यातून दोनदा त्या सरकारी दवाखान्यात जाऊन बसायच्या, बाळंतिणींशी बोलायच्या, नवीन पोरींना शिकवायच्या. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा फोन आला.

"अरे, तू ट्रकचे पाटे करतोस ना? मला मऊ करून पाहिजेत."

"ट्रकचे पाटे मऊ करून काय करता बाई?"

"ट्रकचे नाही रे. गाडीचे. ये एकदा."

गाडी मी आधी लांबून पाहिलेली होती. बाईंच्या यजमानांनी, वकीलसाहेबांनी, ती हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या वारसांकडून घेतली होती. विलायती. लांब नाक, पसरट मडगार्ड, आत लाल चामड्याच्या सीटा. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असायची. जुन्या काळी रात्री-अपरात्री बाई हीच गाडी घेऊन खेड्यांत जायच्या, आणि दोन लेकरं तर मागच्या सीटवरच जन्मली, असं त्या हसत सांगतात. त्या चामड्याला काय काय लागलंय ते नवाबाला कळलं असतं तर त्याने विकलीच नसती.

पण बाईंना गाडी काही हौसेसाठी नको होती. त्यांच्या पाठीचे दोन मणके बसलेले. आजकालच्या गाडीत शिरायला कंबरेतून वाकावं लागतं, ते त्यांना होत नाही. ह्या गाडीची पाय ठेवायची फळी रुंद, दार उंच, सीट खुर्चीसारखी. बाई उभ्याने चढायच्या. ही एकच गाडी त्यांना घराबाहेर नेऊ शकत होती. अडचण एवढीच, की दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या कारागिराने गाडी पूर्ण खोलून दुरुस्त केली होती. इंजिन घड्याळासारखं चालायचं, रंग आरशासारखा. पाटे मात्र दगड.

मी खाली शिरलो आणि मला दिसलं ते हे : पाटे बांधणाऱ्या जुन्या पकडी मूळच्या होत्या. पकडीत साडेतीन बोटं जागा. पाटे पाच, जाड, मिळून अडीच बोटं. उरलेल्या बोटभर जागेत लाकडी फळी ठोकलेली. म्हणजे मूळचे पाटे पुष्कळ होते आणि पातळ होते. जाड पाच पाटे आणि पातळ अकरा पाटे जवळपास सारखंच ओझं उचलतात, पण पातळ अकरा वाकतात कसे, तर वेताच्या छडीसारखे. पुण्याच्या माणसाला पातळ पाटे मिळाले नसणार. मिळत नाहीतच. करावे लागतात.

बाहेर आलो आणि भाव सांगितला. बाई हसल्या.

"तुझ्या पोराला पायाकडून काढला, तेव्हा मी भाव केला होता का?"

"तेव्हा मी अडलेला होतो बाई. आता तुमी अडलेल्या."

"नालायक आहेस."

"व्हय. पण पाटे करतो."

शेवटी माझ्याच भावात ठरलं, आणि वर मी एक मागून घेतलं : पाटे चांगले निघाले तर खालच्या पाट्यावर माझ्या दुकानाचा ठसा मारायचा. पुण्याच्या कारागिराकडे असल्या सात-आठ गाड्या येतात असं मी ऐकलं होतं. त्या गाड्यांखाली माझा ठसा गेला पाहिजे, हे तेव्हाच डोक्यात होतं. खोटं कशाला बोलू.

पहिला संच करायला महिना गेला. जुन्या टेम्पोंचे पातळ पाटे भंगारातून वेचले, तापवले, वाक दिला, तेलात विझवले, पुन्हा हलक्या आचेवर धरले. पाटा जास्त कडक झाला तर तुटतो, कमी झाला तर बसतो, म्हणजे ओझ्याखाली सपाट होऊन तसाच राहतो. मधलं जे आहे ते रंगावरून ओळखायचं. पाटे एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये पितळी पत्र्याच्या पट्ट्या घातल्या.

मऊ झाले की नाही हे पाहायला माझ्याकडे यंत्र नव्हतं. बाई मागे बसायच्या, त्यांचा ड्रायव्हर चालवायचा, मी पुढे उलटा बसून बाईंकडे तोंड करायचो. शेडपासून शाळेपुढचे तीन गतिरोधक, मग औंढ्याच्या रस्त्याला लागून फुटक्या नळकांडी पुलावरून, मग उसाच्या मळ्यातला कच्चा रस्ता, आणि परत.

"माझ्याकडे काय बघतोस सारखा?"

"तुमच्या हाताकडं बघून राहिलो. पाठीत कळ आली की तुमचा हात कंबरेवर जातो. तेच माझं मीटर."

"मीटरचं भाडं कोण देणार?"

पहिला संच फारच मऊ निघाला. वळणावर गाडी कडब्याच्या गाडीसारखी झुलली आणि बाई म्हणाल्या, थांबव, मला मळमळतंय. दुसरा संच गतिरोधकावर चांगला, पण पुलावर हात कंबरेवर गेला. मी दोन पाटे काढून पुन्हा तासले. तिसऱ्या वेळी गतिरोधक गेले, हात मांडीवर. पूल गेला, हात मांडीवर. उसाच्या रस्त्याला लागलो आणि पाहतो तर बाईंची मान एका बाजूला. ड्रायव्हरला म्हटलं थांबव. गाडी थांबली तशा बाई जाग्या झाल्या.

"काय रे? आलं का घर?"

झोपल्या होत्या. कच्च्या रस्त्यावर, बसलेल्या मणक्यांनिशी. त्या दिवशी मी मळ्यात उतरून एकट्याने बिडी ओढली, सोडून सहा वर्षं झाली होती तरी.

इथून पुतण्या येतो. वकीलसाहेबांच्या भावाचा मुलगा, पंचेचाळिशीचा, बाईंची शेती तोच पाहतो. पांढरा शर्ट, कानाला फोन. माझ्याशी नेहमी गोड. दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये आला, गाडीखाली वाकून बघितलं, आणि बाईंच्या देखत मला म्हणाला,

"मिस्त्री, मऊ म्हणजे कमजोर. उद्या हे पाटे बसले, अ‍ॅक्सल वर येऊन ठोकला आणि गाडी रस्त्यात मोडली, तर काकूंना कोण उचलणार? तुमी?"

"बसणार न्हाईत भाऊ."

"तुमी म्हणता म्हणून?"

तेव्हा मला वाटलं, काळजीने बोलतोय. शेड रस्त्याला लागून आहे, आणि जागा दोन्ही भावांची सामाईक. गाडी गेली की शेड रिकामी, शेड रिकामी झाली की तिथे दुकानांचे गाळे. हे मला तेव्हाच दिसायला पाहिजे होतं. जागेचे भाव मला पाठ असतात. पण माझं लक्ष पाट्यांवर होतं.

त्यानेच पुण्याच्या कारागिराला बोलावलं. तो माणूस शांत, साठीचा, नखं स्वच्छ. गाडीला त्याच्याकडे एक गिऱ्हाईकही होतं. त्याने पाटे बोटाने वाजवून पाहिले, पितळी पट्ट्या पाहिल्या, मान डोलावली. मला त्या मान डोलावण्याचा राग आला, जसं काही मी परीक्षेला बसलोय. तो म्हणाला, काम चांगलं आहे, पण मऊ पाटे आज झुलतात आणि महिन्याने बसतात. ओझं घालून ठेवून पाहिल्याशिवाय मी तरी ह्यांना गाडीत बसू देणार नाही.

बाईंनी दोघांकडे पाहिलं. "ठीक आहे. ओझं ठेवा. पाटे टिकले तर गाडी इथेच राहील आणि हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही. बसले तर गाडी ह्यांनी पुण्याला न्यावी, ते म्हणतात त्या गिऱ्हाइकाला द्यावी. माझ्या पाठीसाठी मी ड्रायव्हरचा जीव धोक्यात घालणार नाही."

पुतण्या म्हणाला, "काकू म्हणतील तसं." आणि खिशातून फोन काढला.

मग भाव सुरू झाला. पैशाचा नव्हे, ओझ्याचा.

"दहा दिवस," पुणेकर म्हणाला, "आणि बारा पोती वाळू."

"वाळू? त्या लाल चामड्यावर? साहेब, गाडी हाय का बांधकाम?"

"मग काय ठेवणार?"

"हळद. मळ्यातच हाय. कट्टे. सहा."

"सहा फार कमी झाले. पाच माणसं आणि सामान धरा."

"माणसं पुण्याची धरता का हिंगोलीची? आमची वाळकी असतात."

बाई हसल्या. तो दहावर आला, मी सातवर गेलो, आठवर जमलं. दिवस दहाचे सात केले. खूण अशी ठरली : सातव्या दिवशी, ओझं असतानाच, अ‍ॅक्सल आणि त्याच्यावरचा रबरी ठोकळा यांच्यामध्ये दोन बोटं जागा राहिली पाहिजे. मी खुशीत होतो. दोन्हीकडे मीच खाली ओढलं होतं.

बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे : आमच्या जिल्ह्यात हळदीचं ओझं किलोने बोलत नाहीत. कट्टा म्हटलं की पन्नास किलो, विषय संपला. ट्रकवाला विचारतो किती कट्टे, हमाल विचारतो किती कट्टे. मी आकड्यावर अर्धा तास भांडलो आणि वजनावर एक शब्द बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाने.

त्याच दुपारी आठ कट्टे मळ्यातून आले. शेडमध्ये ठेवलेले मी पाहिले, शिवलेले, खडखडीत वाळलेले. हाताने थापटले. गाडीत चढवायचे राहिले होते, पण माझ्या दुकानात उसाचा ट्रक पाटा तुटून आडवा पडला होता आणि त्याचा ड्रायव्हर दर पंधरा मिनिटांनी फोन करत होता. पुतण्या म्हणाला, "जा तुमी मिस्त्री, गड्यांकडून भरून घेतो. कट्टे तर मोजलेत ना?"

मोजले होते. आठ.

सातव्या दिवशी सकाळी सगळे शेडमध्ये जमलो. बाई दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात काठी. मी आल्या आल्या काचेतून पुन्हा मोजले. आठ. पुणेकराने दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरला.

"कसला वास येतोय हा? काहीतरी आंबल्यासारखा."

फाल्गुन संपत आला होता. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात जिथे जाल तिथे हळद शिजत असते, मग उन्हात वाळत असते. कपड्यांना तो वास, चहाला तो वास. आमची नाकं मेलेली असतात. मी त्याला म्हटलं,

"साहेब, हळदीचा जिल्हा हाय हा. तुमच्या पुण्यात काय गाडीत अत्तर शिंपडतात?"

ड्रायव्हर हसला. पुतण्या सगळ्यांत मोठ्याने हसला. बाई तेवढ्या म्हणाल्या, "मलाही दोन दिवस येतोय वास." पुतण्या म्हणाला, "जुनं चामडं आहे काकू, उन्हाळा लागला की वास मारतंच."

मग मी खाली शिरलो.

दोन बोटं जागा नव्हती. एक बोटही नव्हती. अ‍ॅक्सल ठोकळ्याला चिकटला होता, मध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं. मी तसाच पाठीवर पडून राहिलो. वरून पुणेकराचा आवाज आला, "मिस्त्री?" मी दुसऱ्या बाजूला सरकून पाहिलं. तिथेही तेच. पाट्यांचा वाक पार गेला होता.

मी बाहेर आलो आणि माझं डोकं गेलं. पुणेकराला म्हटलं, तू ठोकळा बदललास. तो म्हणाला, मी आत्ता तर आलो. मी म्हटलं, मग माणूस पाठवलास, ट्रकच्या मिस्त्रीचा ठसा तुझ्या गाड्यांखाली नको होता तुला. तो काही बोलेना. त्याने बोलायला पाहिजे होतं, भांडायला पाहिजे होतं, म्हणजे मला थांबता आलं असतं. मी हातातली टेप शेडच्या पत्र्यावर फेकून मारली.

"बस," बाई म्हणाल्या. "मी शब्द दिला होता."

"बाई, ह्यात काहीतरी खोट हाय."

"मग दाखव."

मला दाखवता आलं नाही. दाखवायचं ते माझ्यापासून दोन हातांवर मागच्या सीटवर होतं, पोत्यात शिवलेलं. मोंढ्यात पोती वाहिलेला माणूस मी. त्यातला एक कट्टा जरी खांद्यावर घेतला असता तर पाठीनेच सांगितलं असतं. पण कट्टे उतरवायला मी थांबलोच नाही. मोटरसायकलला किक मारली आणि निघालो. औंढ्यापर्यंत मला रस्ता दिसत नव्हता.

चार दिवसांनी गाडी मोठ्या वाहनावर चढवून पुण्याला नेली. बाईंनी कागदावर सही केली.

पुढचा महिनाभर माझ्या दुकानात जो ड्रायव्हर आला त्याला मी पुण्याच्या कारागिराची गोष्ट सांगितली. कशी त्याने एका गरीब मिस्त्रीची जिरवली. त्याला फोन करूनही दोनदा शिव्या घातल्या. दुसऱ्या वेळी तो म्हणाला,

"मिस्त्री, एक ऐका. ओझं काढल्यावर तुमचे पाटे पुन्हा मूळ वाकावर आले. मी मोजलं. बसलेले पाटे परत येत नाहीत. मलाही हे समजलेलं नाही."

मी फोन कापला. पण त्या रात्री जेवताना त्याचं बोलणं परत आठवलं. पाटा बसला की बसला, तो उठत नाही, हे तर मीच पोरांना शिकवतो. उठला याचा अर्थ तो बसलेला नव्हता, दाबलेला होता. आणि आठ कट्ट्यांनी तो तेवढा दाबला जाणार नाही, हे मी करताना दहा वेळा पाहिलं होतं. मग कशाने? त्या प्रश्नाशी मी आठ दिवस झगडत होतो. दुकानात भट्टीवर चुका झाल्या. एक पाटा जळून गेला.

उत्तर ट्रॉलीतून आलं. हळद शिजवायचे मोठे कुकर असतात, चाकांवर बसवलेले. टोळ्या ते मळ्यामळ्यांतून फिरवतात. तशीच एक टोळी कळमनुरीकडे चालली होती, कुकरच्या गाडीचा पाटा तुटला, म्हणून माझ्याकडे. टोळी चालवणारी बाई आमच्याच समाजातली, शेजारच्या तांड्याची, पन्नाशीची. पाटा भट्टीत होता तोवर ती सावलीला बसली होती.

"दादा, वसमतच्या म्हाताऱ्या डॉक्टरीणीच्या मोटारीचे पाटे तुमीच केले व्हते ना?"

"काहून?"

"न्हाई, मोटार गेली म्हणतात. आमीच भरले व्हते त्यात कट्टे. लई जड. माझ्या नवऱ्याची कंबर अजून धरलेली हाय."

मी हातोडी खाली ठेवली. "आठ कट्ट्यांनी कंबर धरली?"

"वाळलेले असते तर कशाला धरती? ओली हळद व्हती. नुकतीच शिजवलेली."

"वाळलेले कट्टे शेडात व्हते. मी बघितले."

"ते आमीच परत नेले ना. ते पांढऱ्या शर्टाचे, बाईंचे पुतणे मालक म्हणले, हे मळ्यावर न्या, अन् कुकरातली ताजी हळद भरून तशीच तोंडं शिवा. मी म्हणलं, मालक, ओली हळद पोत्यात सडती. तर म्हणे, सातच दिवस ठेवायची हाय. चार माणसांनी एकेक चढवला."

"अन् तुमी कुणाला बोलल्या न्हाई?"

"काय बोलणार? आमाला वाटलं, श्रीमंत लोक, मोटारीत हळद आंबवून काही औषध करून राहिले असतील."

ती हसत होती. माझा चेहरा पाहून थांबली.

मी तिच्याच कुकरातून उतरलेली ओली हळद एका कट्ट्यात भरली, नेहमी भरतात तितकी, आणि शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. सत्तरच्या वर गेला काटा. आठ कट्ट्यांवर हिशेब धरा : माझ्या पाट्यांवर तीन माणसं जास्त बसवली होती, आणि सात दिवस खाली उतरू दिली नव्हती.

पुण्याच्या कारागिराला मी त्याच दुपारी फोन केला. माफी मागणं मला येत नाही. मी म्हटलं, "साहेब, वास बराबर व्हता तुमचा." तो म्हणाला, गाडी आता गिऱ्हाइकाच्या नावावर झाली, मागे फिरणार नाही, पण हवं तर मी हे सगळं लिहून देतो. मी एक महिना त्याच्या नावाने बोंबललो होतो आणि तो लिहून द्यायला तयार होता. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

कुकरवालीला घेऊन मी वसमतला गेलो. शेड पाडलेली होती. गाळ्यांसाठी खड्डे खणून झाले होते, लोखंडी सळया उभ्या होत्या. बाई आतल्या खोलीत होत्या, पलंगाशेजारी धरून चालायची ॲल्युमिनियमची चौकट होती. ज्या दिवशी गाडी गेली त्या दिवसापासून त्या दवाखान्यात गेलेल्या नाहीत. एकदा रिक्षा बोलावली होती, चढता आलं नाही.

आम्ही दोघांनी सगळं सांगितलं. कुकरवाली सांगताना बाई तिच्याकडे पाहत होत्या, मी सांगताना भिंतीकडे. मग मला विचारलं,

"तू एक तरी कट्टा उचलून बघितलास का?"

"न्हाई बाई."

"पन्नास वर्षांत मी पोटावर हात ठेवल्याशिवाय एकीला औषध लिहून दिलं नाही."

त्या चुकल्या नव्हत्या. माझा हिस्सा आहे ह्यात, तो मी इथे लिहून ठेवतोय, कुणी विचारायच्या आधी.

त्यांनी फोन उचलला, आवाज मोठा केला आणि पुतण्याला लावला.

"गाडीत कोणत्या ढिगाची हळद भरली होती? वाळलेल्या की ओल्या?"

"काकू, आता कुठे ते? गडी भरतात, मला काय माहीत. झालं ते चांगलंच झालं, गाडीला घर मिळालं."

"मी ढीग विचारला."

"तिथे तो मिस्त्री बसलाय का? काकू, त्याचे पाटे बसले म्हणून तो..."

"ढीग."

"मी जरा कामात आहे. संध्याकाळी येतो."

संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. मळ्यातला माल पाहायला वसमतला येतो, गाळ्यांच्या सळया मोजायला येतो, भिंतीपलीकडे उभा राहून गवंड्याशी बोलतो, आणि भिंतीअलीकडे त्याची काकू चौकट धरून खोलीत आठ पावलं जाते, आठ पावलं येते. त्याचा आवाज त्यांना ऐकू येतो. त्यांनीच मला सांगितलं.

म्हणून आता हे तुझ्यासाठी. इतकी वर्षं तुला भाऊ म्हटलं, तुमी म्हटलं. माझ्या पाट्यांची बदनामी झाली ते मी बघून घेईन, मी आयुष्यभर तेच करत आलो. गाडी परत येत नाही हेही मला माहीत आहे. पण फोनवर नाही आणि गड्यांवर ढकलून नाही. त्या भिंतीच्या अलीकडे ये, काकूंच्या समोर उभा राहा, कुकरवाली आणि मी तिथे असू. त्यांचं घराबाहेर पडणं तुझ्यामुळे बंद झालं. वाळलेले आठ कट्टे काढून ओले भरा, हे गड्यांना कुणी सांगितलं, आणि काहून सांगितलं, ह्याचं उत्तर त्यांना तोंडावर दे.